बर्नहॅमने एका गोळीत युद्ध संपवलं म्हणे

भाच्याला शाळेत स्काउटवर भाषण करायचंय आणि पठ्ठ्याने तयारी कशावरून केली, तर फॅमिली ग्रुपवर फिरत असलेल्या त्या लांबलचक फॉरवर्डवरून. "इतिहासाने विसरलेला महान स्काउट" म्हणजे फ्रेडरिक रसेल बर्नहॅम, अमेरिकन, जन्म १८६१. फॉरवर्डचं म्हणणं असं: लहानपणी त्याला सू लोकांनी (अमेरिकेतले मूळनिवासी, डकोटा त्यांच्यातलेच) पळवून नेऊन वाढवलं, आफ्रिकेत शांगानी नदीकाठच्या लढाईत ३४ जण मेले आणि हा एकटा लढत लढत वाचला, गुहेत शिरून त्याने बंडखोरांच्या 'देवाला' गोळी घातली आणि त्याच दिवशी युद्ध संपलं, स्काउट चळवळ मुळात याची पण बेडन-पॉवेल या ब्रिटिश लष्करी अधिकाऱ्याने ढापली, व्हिक्टोरिया क्रॉस हे ब्रिटनचं शौर्याचं सर्वोच्च पदक मिळवलं, आणि वर अमेरिकेत पाणघोडे पाळायला निघाला होता. ताई म्हणते वाचायला छान आहे ना, मग कशाला डोकं लावतोस. पोरगं स्टेजवर हे बोलणार आहे म्हणून लावतोय!

पळवून नेण्याचं आधी उरकतो. १८६२ मध्ये मिनेसोटात डकोटा लोकांचा उठाव झाला तेव्हा हा तान्हा होता. त्याची स्वतःची हकिकत अशी की आईने त्याला मक्याच्या कणसांच्या ढिगात लपवलं आणि ती पळाली, परत आली तर घर जळालेलं आणि पोर सुखरूप. कुणी नेलं नाही, कुणी वाढवलं नाही. विषय संपला.

आता ती गुहा. माझं डोकं खरं फिरलं ते इथे. जागा आजच्या झिम्बाब्वेतली, साल १८९६. सेसिल ऱ्होड्सच्या ब्रिटिश साउथ आफ्रिका कंपनीने १८९३ च्या युद्धात एन्देबेले लोकांचं राज्य घेतलं, मग जमिनी घेतल्या, गुरं हाकून नेली, वरून दुष्काळ, टोळधाड आणि गुरांची साथ, ती आवरायला उरलेली गुरंही गोळ्या घालून मारली. त्यात कंपनीचे पोलीस, कंपनीचाच प्रशासक जेमसन याने ट्रान्सवाल या शेजारच्या बोअर राज्यावर केलेल्या फसलेल्या स्वारीत अडकून पडलेले. मार्चमध्ये लोक उठले. फॉरवर्डमध्ये यातलं अक्षरही नाही, तिथे फक्त 'जंगली टोळ्या' आणि त्यांचा 'जादूगार देव म्लिमो'.

जूनमध्ये बर्नहॅम आणि आर्मस्ट्राँग नावाचा अधिकारी मांग्वेजवळच्या एका गुहेत गेले. त्याच्याच सांगण्याप्रमाणे गवत-फांद्यांच्या आडोशाने सरपटत आत गेले, एक माणूस आत आला, त्याला गोळी घातली, झोपड्या पेटवल्या आणि घोडे काढून पळाले. हा झाला त्या दोघांचाच दावा, त्यावर तेव्हाच शंका घेतली गेली होती. पण समजा सगळं अगदी तस्संच घडलं, तरी मेला कोण? म्लिमो हा देव, त्याची मटोबोच्या टेकड्यांत आणि आसपास वेगवेगळी देवस्थानं, प्रत्येकाचे पुजारी वेगळे. एक पुजारी मारला म्हणजे देव मेला हा हिशोब कुठला?

आणि युद्ध 'त्याच दिवशी' संपलं असेल तर ५ ऑगस्टला प्लमर या ब्रिटिश अधिकाऱ्याची फौज मटोबोत कुणाशी लढत होती? सप्टेंबरमध्ये बेडन-पॉवेलने उविनी नावाच्या सरदाराला कोर्ट-मार्शल करून गोळ्या घालायला लावल्या, ते कशाला? एन्देबेलेंची लढाई थांबली ती ऱ्होड्स ऑगस्टपासून डोंगरात जाऊन सरदारांशी वाटाघाटीला बसला म्हणून, तह व्हायला ऑक्टोबर उजाडला. शोना लोकांचा उठाव तर पुढे १८९७ पर्यंत चालला. इतिहासकार ज्युलियन कॉबिंगचा १९७७ चा लेख आहे, त्याने पुराव्यानिशी मांडलंय की एन्देबेलेंचा उठाव पुजारी चालवत होते ही समजूतच चूक, तो उभा होता लोबेंगुला या त्यांच्या राजाच्या राज्याच्या उरलेल्या लष्करी व्यवस्थेवर, तिच्या सरदारांवर. म्हणजे गोळी लागली तीच मुळात चुकीच्या ठिकाणी. पण 'अंधश्रद्धाळू लोक, एका गोऱ्या माणसाने त्यांचा देव मारला, सगळे गप घरी गेले' ही गोष्ट कंपनीला सोयीची होती, गुरं-जमिनींचं नाव काढावं लागत नाही ना! आणि आपण तीच पोरांच्या भाषणात घालतोय. बर्नहॅमची लहान मुलगी त्याच वर्षी बुलावायोच्या वेढ्याच्या काळात गेली, त्याचा राग मी समजू शकतो, पण रागाने तारखा बदलत नाहीत.

शांगानी: डिसेंबर १८९३, म्हणजे कंपनीचं एन्देबेलेंशी ते पहिलं युद्ध. शेवटच्या लढाईआधीच तुकडीचा प्रमुख मेजर विल्सनने बर्नहॅम, इन्ग्राम आणि गुडिंग या तिघांना मदत आणायला पाठवलं. नदीला पूर, मदत पोचली नाही, मागे राहिलेले ३४ मेले. म्हणजे वाचलेले तिघे, आणि शेवटी तिथे नव्हते म्हणून वाचलेले. शत्रूच्या वेढ्यातून वाट काढणं सोपं नव्हतं, ते कौतुक करा की, 'एकटा लढून वाचला' कशाला?

स्काउट चळवळीचं अर्धं खरं आहे, मान्य करावं लागतं. १८९६ मध्ये मटोबोत दोघांची गाठ पडली, माग काढणं, रानात टिकून राहणं यातलं पुष्कळ बेडन-पॉवेल त्याच्याकडून शिकला आणि त्याने ते कधी लपवलंही नाही. पण १९०७ चा ब्राउन्सी बेटावरचा मुलांचा कॅम्प, पुढची संघटना, हे बेडन-पॉवेलचं. ज्याच्याकडून शिकलो त्याचं उघड नाव घेणाऱ्याला ढापणारा म्हणत नाहीत.

व्हिक्टोरिया क्रॉस नाही, डीएसओ, म्हणजे लष्करी अधिकाऱ्यांना मिळणारा त्याखालचा सन्मान. बोअर युद्धात (दक्षिण आफ्रिकेतल्या डच वंशाच्या बोअरांशी ब्रिटिशांचं युद्ध) ब्रिटिश सेनापती लॉर्ड रॉबर्ट्सने त्याला चीफ ऑफ स्काउट्स नेमलं होतं, त्याबद्दल. तेही काही कमी नाही.

आणि गंमत म्हणजे पाणघोडे खरे! १९१० मध्ये मांसाची टंचाई होती म्हणून लुइझियानाच्या ब्रूसार्ड नावाच्या खासदाराने आफ्रिकेतून पाणघोडे आणायचं विधेयक मांडलं आणि त्याच्या बाजूने बोलायला बर्नहॅमबरोबर कोण होता, तर फ्रिट्झ ड्युकेन, बोअर युद्धात समोरच्या बाजूने लढलेला. विधेयक पास झालं नाही. हाच ड्युकेन पुढे १९४१ मध्ये अमेरिकेत नाझींचा हेर म्हणून पकडला गेला. इतकं भन्नाट आणि खरं मटेरियल हाताशी असताना फॉरवर्डवाल्याने त्याला दिली फक्त एक ओळ, तीही शेवटी.