देवींनी रडायचे नाही, हा नियम कोणी केला?

आज दुपारी एका ओळीचा निरोप आला आणि तेव्हापासून हातातले काम बाजूला सारून मी हे लिहायला बसले आहे. आमच्या ओळखीतल्या एका मुलीने अहिल्याबाई होळकरांवर, म्हणजे आम्हा इंदूरकरांच्या ‘देवीं’वर, लिहिलेली दीर्घकथा आपल्या इंदूरच्या एका मराठी मंडळाच्या स्मरणिकेत घ्यायचे ठरले होते. ती आता ‘ज्येष्ठ सभासदांच्या भावना लक्षात घेऊन’ वगळण्यात आली आहे. मुलीने मला फोन करून एवढेच विचारले, “काकू, मी खरंच काही वाईट लिहिलंय का?” मी तिला काय उत्तर दिले ते राहू द्या, त्यातले काही शब्द येथे लिहिण्याजोगे नाहीत.

गेल्या रविवारी त्या कथेचे वाचन झाले तेव्हा मी पुढच्याच रांगेत होते. वाचन संपून टाळ्या पडण्याआधीच एक वयस्कर गृहस्थ उभे राहिले आणि म्हणाले, “देवींना असे दाखवायचे नसते.” असे म्हणजे कसे, हे कोणीतरी विचारल्यावर त्यांनी सांगितले की कथेतल्या अहिल्याबाई रडतात, दासीच्या हातातली वाटी भिरकावून देतात आणि सर्वांत गंभीर म्हणजे त्यांची पूजा चुकते. देवींची पूजा कधीही चुकली नाही, हे ते इतक्या खात्रीने म्हणाले की महेश्वरच्या वाड्याचा हजेरीपट जणू त्यांच्याच हाती असावा. सभागृहातल्या पाचपंचवीस माना लगेच हलल्या. मुलगी कागद आवरत राहिली.

ज्यांनी कथा ऐकलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. १७९१ साली अहिल्याबाईंचे जावई यशवंतराव फणसे वारले. त्याआधी नातू गेला होता. लेक मुक्ताबाई यांनी सती जाण्याचा निश्चय केला तेव्हा आईने लेकीच्या पायांशी लोळण घेतली, पण लेक बधली नाही. नर्मदेच्या काठी चिता पेटली त्या वेळी दोन ब्राह्मणांनी अहिल्याबाईंचे दंड धरून ठेवले होते. पहिली ज्वाळा उठताच त्यांचा धीर सुटला, त्यांनी आक्रोश केला, आणि धरलेले हात सुटेनात तेव्हा आपल्या त्याच हातांना त्यांनी दातांनी चावे घेतले. मग स्नान करून त्या वाड्यात परतल्या आणि तीन दिवस, जवळजवळ उपाशी राहून, एक शब्दही बोलल्या नाहीत. यातले काहीही या मुलीने रचलेले नाही. सर जॉन माल्कम या इंग्रज अधिकाऱ्याच्या मध्य भारतावरच्या १८२३ सालच्या ग्रंथात हे सगळे छापलेले आहे आणि मराठी चरित्रकारांनीही ते घेतलेले आहे.

मुलीची कथा सुरू होते ती त्या तीन दिवसांत. इतिहास बंद दाराशी थांबला आणि ही आत गेली, एवढाच तिचा गुन्हा. दुसऱ्या दिवशी दासी हळदीचा लेप घेऊन येते, कारण हात सुजले आहेत आणि बोटे नीट मिटत नाहीत. बाहेर ब्राह्मण मातीची शिवलिंगे मांडून वाट पाहत बसले आहेत आणि आत ही बाई भिंतीकडे तोंड करून पडली आहे. ज्या तळहातावर आपण प्रत्येक तसबिरीत शिवलिंग पाहतो, त्याच तळहातावर स्वतःच्या दातांचे व्रण उमटले आहेत आणि त्यावर काही ठेवणे शक्य नाही. हे वाक्य वाचले गेले तेव्हा माझ्या शेजारच्या बाईंनी पदर डोळ्यांना लावला. त्याच बाईंची मान नंतर त्या गृहस्थांच्या बोलण्यावरही हलली, हेही पाहिले मी.

माझ्या आजीला ही कथा कळली असती, म्हणून तिची आठवण येथे सांगते. रामबागेतल्या आमच्या जुन्या घरी अहिल्याबाईंची तसबीर देवघरात असे आणि तिला रोज गंध-फूल होई. माझी थोरली आत्या ऐन तारुण्यात काविळीने गेली. तेरावे झाल्यावर आजीने ती तसबीर देवघरातून उचलली आणि स्वयंपाकघरात, चुलीजवळच्या फडताळावर, हळदी-तिखटाच्या डब्याशेजारी ठेवली. आजोबा म्हणाले की तेथे ती तेलकट होईल. आजी म्हणाली, “देव देवघरात आहेत. ही इथेच राहील.” त्यानंतर ती भाकऱ्या थापताना त्या तसबिरीशी बोलत असे, आणि तेही एकेरीत. “तुझी मुक्ता गेली तेव्हा तू काय केलंस गं?” असे तिने विचारलेले मी स्वतः ऐकले आहे. आजीने माल्कमचे नावही ऐकलेले नव्हते. मुक्ताबाईची हकिकत तिला कीर्तनातून कळली होती.

आता कोणी सांगावे की माझ्या आजीने देवींचा अपमान केला.

‘माल्कम इंग्रज होता’ हा आक्षेपही त्या सभेत आलाच. होता, ईस्ट इंडिया कंपनीचाच अधिकारी होता, आणि १८१७ साली महिदपूरला होळकरांच्या फौजेचा पराभव करणाऱ्यांत तो होता, हे मला मान्य आहे. परंतु याच माल्कमने अहिल्याबाईंच्या कारभाराची जी स्तुती केली, ती आपण प्रत्येक जयंतीला माइकसमोर उभे राहून ऐकवतो. एकाच पुस्तकातली स्तुती आपली आणि अश्रू मात्र परकीयाने घातलेले, हा कोणता न्याय आहे?

आणखी एक गोष्ट सांगते, ती ऐकून काही जण माझ्यावर रागावतील, तर रागावोत. आडा बाजाराची कथा इंदूरच्या प्रत्येक मराठी घरात सांगितली जाते. अहिल्याबाईंचे चिरंजीव मालेराव यांच्या रथाखाली वासरू सापडते, गाय रस्त्यात बसून राहते, आणि न्यायनिष्ठ आई आज्ञा देते की मुलालाही हातपाय बांधून त्याच रथाखाली घाला. शेवटी गायच आडवी येते. ही लोककथा आहे, आपण ती शाळेच्या स्नेहसंमेलनांत मुलांकडून करवून घेतो आणि टाळ्या वाजवतो. आता खरे मालेराव पाहा. त्यांना वेडाचे झटके येऊ लागले, त्यांनी मारलेल्या एका कारागिराच्या भुताने त्यांना झपाटले आहे असे लोक मानू लागले, तेव्हा अहिल्याबाई रात्रंदिवस मुलाच्या उशाशी बसून होत्या आणि ‘तुझे देऊळ बांधते, तुझ्या घरच्यांना जहागीर देते, पण माझ्या मुलाला सोड’ अशा विनवण्या त्या भुताला करीत होत्या. १७६७ साली मालेराव गेलेच. आई मुलाला रथाखाली घालायला निघाली, ही कल्पित गोष्ट आपल्याला चालते. आई मुलाच्या उशाशी बसून रडली, ही लिहून ठेवलेली गोष्ट चालत नाही. म्हणजे आपला आक्षेप कल्पिताला नाहीच. कल्पित हवे तेवढे घाला, फक्त त्यात बाई दगडाची हवी.

येथे थोडे थांबून पाणी पिऊन आले.

ते गृहस्थ वाईट नाहीत, हेही लिहायला हवे. मंडळाच्या अडचणीच्या काळात त्यांनी खिशातले पैसे घातलेले आहेत आणि पुण्यतिथीच्या पालखीत उन्हापावसाची पर्वा न करता ते चालतात. त्यांना भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची, आणि ती अगदीच निराधार नाही: मोठ्या माणसांच्या आयुष्यात नसती प्रेमप्रकरणे घुसडून पुस्तके आणि मालिका खपवणारे लोक आहेत. आहेत, मान्य. परंतु त्यांचा राग या मुलीवर का काढायचा? नोकरी सांभाळून, रात्री जागून, महेश्वरला पुन्हा पुन्हा जाऊन तिने हे लिहिले. शिवाय मराठीत लिहिले, या शहरात, जिथे आपलीच नातवंडे आपल्याशी हिंदीत बोलतात आणि आपण प्रत्येक सभेत त्यावर उसासे टाकतो. पंचविशीतली मुलगी मराठीत साठ पाने लिहून आणते आणि आपण तिला सांगतो की भावना दुखावल्या. पुढचे तिने इंग्रजीत लिहिले, तर तोंड वर करून बोलायला आपल्याला जागा राहणार नाही.

एक आक्षेप मात्र माझ्या मैत्रिणीने घेतला आणि तो मला झोंबला. तिचे म्हणणे असे की पुरुष राज्यकर्त्याला माणूस म्हणून दाखवायचे असेल तर लेखक त्याच्या चुका, लोभ, डावपेच दाखवतात, आणि बाईला माणूस म्हणून दाखवायचे तर तिला रडवतात. खरे आहे, अशा कादंबऱ्यांचा मलाही कंटाळा आहे. परंतु या कथेत चौथ्या दिवशी अहिल्याबाईंच्या तोंडून जो पहिला शब्द निघतो तो हिशेबाचा आहे. फौज सांभाळणाऱ्या तुकोजीराव होळकरांकडून पैशांची मागणी आलेली असते आणि बाई खर्चाचा तपशील विचारतात. त्या दोघांमध्ये पैशांवरून किती ताणाताणी होती हे महेश्वरहून पुण्याला गेलेल्या बातमीपत्रांत वाचायला मिळते. त्या काही नुसत्या जपमाळ घेऊन बसलेल्या बाई नव्हत्या. खासगीचा पैसा आणि दौलतीचा पैसा वेगळा ठेवून, खासगीतून काशीपासून सोमनाथापर्यंत देवळे आणि घाट उभे करणारी ती बाई होती. तोफा आणि दारूगोळा यांच्या व्यवस्थेविषयी मल्हाररावांनी ज्या सुनेला पत्रे लिहिली, ती ही बाई. तिचा राग, तिचा कडकपणा, तिचा संशय हे सगळे कथेत आहे. आक्षेप घेणाऱ्यांना त्यातले फक्त अश्रू दिसले.

आणि त्या अश्रूंमागचा पेच कोणी पाहिलाच नाही, याचे मला जास्त वाईट वाटते. १७५४ साली कुंभेरीच्या वेढ्यात पती खंडेराव तोफेच्या गोळ्याने पडले तेव्हा अहिल्याबाई स्वतः सती जायला निघाल्या होत्या. मल्हाररावांनी त्यांना थांबवले. सासऱ्याच्या शब्दाखातर जी मागे फिरली, तिच्या शब्दाखातर तिची लेक मागे फिरली नाही. मुलीने हे एका ओळीतही स्पष्ट करून सांगितलेले नाही. लेप लावणारी म्हातारी दासी कुंभेरीलाही हजर होती, एवढेच ती सुचवते आणि पुढे जाते. पंचविशीत हा संयम कोठून येतो, मला ठाऊक नाही. आम्ही त्या वयात ‘आसवांचा पूर’ असले काहीतरी लिहीत होतो.

आजीचेच पुन्हा सांगते. तसबिरीची काच खरोखरच तेलकट झाली. आजी ती दर शनिवारी राखेने घासून पुसत असे आणि पुसताना कधी कधी चक्क भांडत असे. “तुझ्याकडे राज्य होतं, तुला कामात मन रमवता आलं, माझ्याकडे काय आहे?” असे ती एकदा म्हणाली होती, आणि मग स्वतःच थोड्या वेळाने, “जाऊ दे, तुझं तुला काही कमी नव्हतं,” असे म्हणून तिने तसबीर जागेवर ठेवली. देवघरातल्या कोणत्याही देवाशी ती असे भांडली नाही. देवांकडे ती फक्त मागत असे.

शहरभर देवींचे नाव आहे. विमानतळाला आहे, विद्यापीठाला आहे, राजवाड्यासमोर पुतळा आहे. २०२५ साली जन्माला ३०० वर्षे झाली तेव्हा किती भाषणे झाली ते आपण सर्वांनी ऐकले आहे. मला त्याचा अभिमानच आहे. परंतु अहिल्याबाईंना स्वतःला स्तुती कितपत रुचत होती? एका ब्राह्मणाने त्यांच्या गौरवाचा ग्रंथ लिहून आणला होता. त्यांनी तो शांतपणे ऐकून घेतला, मी एक दुबळी पापी बाई आहे, माझी एवढी स्तुती कशाला, असे म्हणाल्या आणि ग्रंथ नर्मदेत टाकायला सांगितला. त्या लेखकाकडे नंतर त्यांनी लक्षही दिले नाही. हाही माल्कमच, आणि हा प्रसंग आपण मोठ्या कौतुकाने सांगतो. मग तो सांगताना आपल्या हातातली स्मरणिका कोणत्या प्रकारची आहे, हे एकदा उलटून पाहायला काय हरकत आहे? त्या स्मरणिकेत यंदा अठरा गौरवलेख आहेत असे मला कळले आहे. एक कथा होती, ती काढली.

मंडळावर मी बहिष्कार वगैरे घालणार नाही. वर्गणी भरलेली आहे आणि तेथल्या अनेकांवर माझा जीव आहे. स्मरणिका निघेल, मीही एक प्रत घेईन, आणि त्या गृहस्थांना भेटून नमस्कारही करीन. परंतु कथा वाचली जाणार आहे. येत्या रविवारी संध्याकाळी पाच वाजता आमच्या घरी तिचे संपूर्ण वाचन ठेवले आहे, एकही ओळ न गाळता. ज्यांना आक्षेप आहेत त्यांनी तर आवर्जून यावे, फक्त सगळे ऐकून झाल्यावर बोलावे. चहा आणि पोहे आमच्याकडे. पत्ता ज्यांना माहीत नसेल त्यांनी मला निरोप करावा, आणि गाडी गल्लीत आणू नये, कोपऱ्यावरच्या मैदानात लावून यावे.