रीलमधला भिकू चालतो, मग अख्खा 'सत्या' का नको?

दहावी झालेल्या पोरांनी 'सत्या' हा मुंबईतल्या गुंडांच्या टोळ्यांवरचा सिनेमा बघावा का, यावर आमच्या घोडबंदर रोडच्या सोसायटीच्या ग्रुपवर आठवडाभर रण माजलंय. निमित्त एवढंच, की पोरांनी क्लबहाउसमध्ये प्रोजेक्टर लावायची परवानगी मागितली. क्लबहाउसला माझाही विरोध आहे. सिनेमा 'ए' सर्टिफिकेटचा, आणि तिथे दुसरी-तिसरीतली चिल्लीपिल्ली कॅरम खेळायला कधीही दार ढकलून आत येतात. पण घरी, आईबापांबरोबर? सोळाव्या वर्षी खुशाल बघू दे.

कारण अर्धा सिनेमा त्यांनी बघितलेलाच आहे. समुद्राकाठी उभा राहून मुंबईला ललकारणारा, टोळीचा म्होरक्या भिकू झालेला मनोज बाजपेयी सातवीतल्या पोरालाही तोंडपाठ आहे. रीलमध्ये भिकू म्हात्रे कायम राजाच असतो. ज्या भाऊ नावाच्या पुढाऱ्यासाठी त्याने जीव टाकला, तोच निवडणूक जिंकल्यावर त्याला गोळी घालतो, हे रीलमध्ये कुठे दिसतं? पुढे सत्या, म्हणजे त्याच्या टोळीत आलेला सिनेमाचा नायक, तोसुद्धा वाचत नाही. मला विचाराल तर तीन तासांच्या सिनेमापेक्षा तीस सेकंदांची रील जास्त घातक.

थिएटरचा प्रसंग आठवतो? सत्या आणि त्याची प्रेयसी विद्या सिनेमा बघायला गेलेत, बाहेर पोलीस दबा धरून बसलेत. तो गोळी झाडतो, लोक जीव मुठीत धरून दारांकडे पळतात आणि चेंगराचेंगरीत माणसं मरतात. तिकीट काढून आलेली, टोळीशी काडीचा संबंध नसलेली माणसं. एरवी आपण मनातल्या मनात सत्याच्या बाजूचे झालेलो असतो, पण इथे घशाला कोरड पडते. हल्लीच्या पडद्यावर हीरो स्लो मोशनमध्ये पन्नास माणसं कापतो आणि आपण शिट्ट्या मारतो. ग्रुपवर 'सत्या'च्या नावाने नाकं मुरडणाऱ्यांपैकी निम्मे लोक असले सिनेमे पोरांना घेऊन मॉलमध्ये बघून आलेत, पॉपकॉर्नसकट!

हा सिनेमा जुलै 1998 चा. त्याआधीच्या ऑगस्टमध्ये अंधेरीत गुलशन कुमार यांचा भरदिवसा खून झाला होता. खंडणीचे फोन, शूटआउट, एन्काउंटर हे तेव्हा पेपरात रोजचंच होतं. आजच्या पोरांना हे सगळं कथाकल्पित वाटतं. ते सांगायला शेजारी मोठं माणूस हवं.

मला रक्ताची तेवढी धास्ती नाही. दोन ठिकाणी मात्र मी रिमोट हातात घेईन. एक, भिकू आणि त्याची बायको प्यारी यांच्या भांडणात हात उचलले जातात आणि ते सगळं लाडाकोडाचं वाटतं. प्यारी झालेली शेफाली शाह इतकी झकास आहे की आपणही हसतो. दुसरं, कमिशनर साहेब गुंडांना सरळ गोळ्या घालायची मोकळीक देतात तेव्हा. "बरोबरच आहे की," असं पोरगं म्हणेल. आणि सोफ्यावरचे त्याचे बाबाही म्हणतील. खरी चर्चा तिथे, शिव्यांवर नाही. (शिव्या पोरांना आपल्यापेक्षा जास्त येतात. संध्याकाळी टर्फवर जाऊन ऐका.)

राहिला वयाचा प्रश्न. 1998 मध्ये 'यूए' (मुलांनी पालकांच्या देखरेखीखाली बघायचे सिनेमे) आणि 'ए' यांच्या अधेमधे काहीच नव्हतं. 2023 च्या दुरुस्तीनंतर 'यूए'मध्ये 7+, 13+ आणि 16+ अशा पायऱ्या आल्या. त्या पालकांनी ठरवण्यासाठीच आहेत, 'ए' मात्र आजही अठरा वर्षांवरच्यांसाठीच. म्हणजे मी जे म्हणतेय ते बोर्डाच्या शिक्क्याविरुद्ध आहे, हे कळतंय मला. माझ्या मुलाचा निर्णय मी घेतेय, तुमच्याचा तुम्ही घ्या. पण तेराव्या वर्षी नकोच. त्या वयात मरणारा भिकू लक्षात राहत नाही, फक्त त्याची ऐट राहते.

तर येत्या शनिवारी आमच्याकडे थोरला बघणार. धाकट्याची रवानगी नौपाड्यात आजीकडे, त्यावरून घरात अबोला सुरू आहे. आजीकडे रात्री कुठल्या सिरियलमध्ये सून सासूला विष घालतेय, ते मी विचारलेलं नाही.