जंगलात गाणी कशासाठी?

थंडीच्या पहाटे अभयारण्यात एकट्याने चालायला जावे आणि पहिल्याच वळणावर कोणाच्या तरी पाठपिशवीला लटकवलेल्या स्पीकरचा ढणढणाट कानी पडावा, हे आता नित्याचेच झाले आहे. वर ‘आवाज कमीच ठेवलाय’ असे ऐकवतात. अहो, वारा नसलेल्या हिवाळी पहाटे जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड असते, त्यामुळे वर जाणारा आवाज वाकून पुन्हा खाली येतो आणि एरवीपेक्षा कितीतरी लांब पोहोचतो. त्यातून पानगळ झालेली, म्हणजे अडवायला पानेही नाहीत. पिसे फुलवून, अंगाचा गोळा करून फांदीवर बसलेल्या पक्ष्याने रात्रभर ऊब टिकवण्यात साठवलेली चरबी खर्चलेली असते. त्याला दचकवून उडवणे म्हणजे त्याच्या उरल्यासुरल्या शिदोरीवर डल्ला मारणे होय.

अशा वेळी पूर्वी माझ्याबरोबर जंगलात येणाऱ्या सोबतिणीची फार उणीव भासते. सालीवरून सरकणाऱ्या पक्ष्याच्या नख्यांची खरखरसुद्धा ऐकून ती मला हाताने थांबवायची, आणि स्पीकरवाले भेटलेच तर ‘जरा बंद करता का, आम्हाला ऐकायचंय’ असे इतक्या गोडीत बजावायची, की समोरचा मुकाट्याने बटण दाबायचा. तेच मी सांगितले, की ‘जंगल तुमच्या मालकीचं आहे का?’ हे उत्तर ठरलेले. ‘शांतता राखा’ असे वीतभर अक्षरांत लिहिलेल्या फलकाला टेकूनच ही मंडळी पुढचे गाणे निवडत असतात. मग इअरफोन कशासाठी निघाले आहेत?