रक्ताची चर, सात इंची पातं आणि मुठीतलं अखंड पोलाद

ट्रेकिंगच्या ग्रुपांवर एक फॉरवर्ड अधूनमधून फिरत असतो: ‘खरा शिकारी सुरा कसा ओळखावा’. त्यात पाच खुणा दिलेल्या असतात. पोलाद मुठीच्या पूर्ण रुंदीचं आणि टोकापर्यंत अखंड हवं. पातं किमान सात इंच लांब आणि पाच-सहा मिलिमीटर जाड हवं. पात्यावर ‘रक्ताची चर’, म्हणजे लांबट खोबण, हवी. बोट पुढे घसरू नये म्हणून मुठीपुढे आडवी पट्टी हवी. आणि पोलाद जितकं कडक तितकं उत्तम.

या खुणा फिनलंडच्या पुक्कोला लावून पाहू. तिथला हा पिढ्यान्‌पिढ्यांचा बिनघडीचा सुरा. कौहावा गावात इसाक्की यार्वेनपा यांचा कारखाना १८७९ पासून आणि रोवानिएमीत मार्टिनी यांचा १९२८ पासून ते बनवतो आहे. पातं साधारण नऊ-दहा सेंटिमीटर, म्हणजे जेमतेम मुठीएवढं. फॉरवर्डच्या हिशेबानं हे खेळणंच. पण सांबरापेक्षा थोराड असलेला मूस तिथले शिकारी याच मापाच्या सुऱ्यानं फाडतात. (आपल्याकडे शिकार १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंद आहे. तेव्हा हे वाचून कुणी रानात निघू नये.)

‘पोलाद अखंड नसेल तर सुरा मोडतो.’ पुक्कोच्या पात्याची निमुळती शेपटी मुठीतून आरपार जाते, मागच्या टोकाला पितळी चकतीतून बाहेर येते आणि तिथे ठोकून रिव्हेटसारखी बसवतात. ऊसतोडीच्या कोयत्याचीही शेपटी लाकडी मुठीतच असते, आणि तो दिवसभर घाव सोसतो. मोडण्याचं कारण शेपटीची रुंदी नसतं, खांदा असतो. पातं संपून शेपटी सुरू होते तिथे कानशीनं काटकोनी खाच पडली की सगळा ताण त्या कोपऱ्यात साठतो आणि तडा तिथूनच जातो. म्हणून जाणता लोहार तो कोपरा गोल ठेवतो, आणि पात्याला पाणी पाजलं (तापवून, विझवून कडक केलं) तरी शेपटी मऊच राखतो. दुसरा मुद्दा थंडीचा. उणे वीस अंशांत ओल्या, उघड्या हातानं काम करताना मुठीच्या दोन्ही कडांना उघडं पोलाद असलं तर बोटं बधिर होतात. बर्च झाडाचं लाकूड किंवा बर्चच्या सालीच्या चकत्या दाबून केलेली मूठ हाताला गार लागत नाही आणि ओली झाली तरी सहसा निसटत नाही. एक गोष्ट मात्र मान्य. पात्याच्या पाठीवर ओंडका हाणून लाकूड फोडायचं असेल, तर अखंड पोलादच जास्त टिकतं. पण त्या कामाला कुऱ्हाड असते.

‘पातं मोठं हवं.’ फॉरवर्डची खरी गफलत इथे आहे. लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर हत्यार आहे. शिकाऱ्याला मात्र खाटकाची सुरी हवी असते. जनावर रायफलीनं पडलेलं असतं, सुऱ्याचं काम त्यानंतर सुरू होतं.

ते काम असं चालतं. जनावर उताणं करून बरगड्यांच्या हाडाखाली कातडी चिमटीत उचलतात आणि तीन-चार सेंटिमीटरचा उथळ छेद देतात. त्यात डाव्या हाताची दोन बोटं इंग्रजी व्हीसारखी फाकवून घालतात आणि आतडी खाली दाबून धरतात. दोन बोटांच्या मधे पातं, धार वर, टोक बोटांच्या आडोशाला. असं हळूहळू मागच्या पायांकडे सरकायचं. धार आतून बाहेर चालल्यामुळे केस कापले जात नाहीत. त्यामुळे मांसाला केस चिकटत नाहीत आणि केसांतल्या वाळूनं धारही बोथट होत नाही. दहा सेंटिमीटरचं टोक कुठे आहे ते बोटांना कळतं. सात इंची पात्याचं टोक बोटांच्या पुढे जातं आणि पहिल्या गफलतीला जठर किंवा आतडं भोसकतं. आतला मळ कमरेच्या आतल्या मऊ मांसावर सांडला की तेवढा भाग कापून टाकावा लागतो. नुसतं धुतलं तर तो आणखी पसरतो.

पुढे गुदद्वाराभोवती गोल कापून आतडं दोरीनं बांधतात. मूत्राशय न दाबता सोडवतात. मग श्वासपटल बरगड्यांच्या कडेनं कापून, हात छातीत कोपरापर्यंत घालून श्वासनलिका आणि अन्ननलिका वर तोडतात. या शेवटच्या कापात डोळ्यांना काहीच दिसत नाही. मुठीत अर्धं झाकलेलं छोटं पातं आणि पाठीवर टेकवलेली तर्जनी, एवढ्यावरच ते होतं. लांब पात्यानं इथे स्वतःचाच दुसरा हात कापून घेतात. सगळं आवरून छाती-पोट काठीनं फाकवून ठेवतात, कारण थंडीतही मागच्या मांडीच्या हाडाजवळची ऊब लवकर जात नाही आणि मांस नासायला सुरुवात तिथूनच होते.

मोठ्या पात्याला कामच नाही असंही नाही. उत्तरेकडच्या सामी लोकांचा लेउकू हा सुरा चांगला लांब आणि रुंद असतो. त्यानं फांद्या तोडतात, हाडं फोडतात. पण बारीक कामाला छोटा पुक्को वेगळाच असतो, आणि कित्येकदा दोघं एकाच जोडम्यानात कमरेला लटकतात.

‘रक्ताच्या चरीमुळे पातं मांसातून सहज निघतं, नाहीतर निर्वात पोकळीनं अडकतं.’ ही निव्वळ थाप. कापलेल्या फटीत पात्याच्या कडेनं हवा आणि रक्त शिरतंच, तेव्हा निर्वात होणार कुठून? चर मारतात ती लांब पात्याचं वजन कमी करायला. तलवारीत त्याला अर्थ आहे. दहा सेंटिमीटरच्या पात्यात फार तर चार-दोन ग्रॅम वाचतील. काही पुक्कोंवरही चर असते, पण ती शोभेची. काम संपल्यावर तिच्यात चरबी आणि रक्त साठतं आणि कार्बन पोलादावर पहिला गंज तिथेच धरतो.

‘आडवी पट्टी नसेल तर हात कापतो.’ भोसकायचं असेल तर खरं. पारंपरिक पुक्कोला पट्टी नसते, कारण कातडं सोलताना पकड सारखी बदलते: कधी अंगठा पात्याच्या पाठीवर, कधी तर्जनी पात्याच्या मुळाशी. पट्टी नेमकी तिथे आड येते, आणि सुरा म्यानात खोल बसूही देत नाही. पुक्कोच्या म्यानात मुठीचाही बराचसा भाग जातो. म्हणून झुडपांतून चालताना तो पडत नाही.

‘जितकं कडक तितकं चांगलं.’ पुक्कोचं पोलाद रॉकवेल या कडकपणाच्या मापावर साधारण ५८ ते ६० असतं. त्याची धार हाडाला लागली तर बहुधा वळते, आणि वळलेली धार निसण्यावर परत येते. बारीक कोनाची धार ६४ वर नेली तर हाडावर तिचे कपचे उडतात, आणि मग मिलिमीटरभर पोलाद घासून काढावं लागतं.

तरीही पुक्को बिघडतात. बहुतेक वेळा धार लावतानाच. पात्याच्या दोन्ही बाजूंना रुंद, सपाट उतार असतो आणि तोच धारेपर्यंत जातो. दोन्ही उतारांमधला एकूण कोन वीस-बावीस अंशांचा. तो अख्खा उतार निसण्यावर सपाट टेकवून घासायचा: आधी हजार नंबरचा दगड, पलीकडच्या कडेला बोटाला बारीक खरखर लागेपर्यंत. मग बाजू बदलायची. शेवटी चामड्यावर उलट ओढायचं. धारवाल्याच्या चाकावर दिलात तर दोन गोष्टी होतात. उतार गोल होतो, आणि पातं तापून धारेवर निळी झाक येते. निळा रंग म्हणजे तीनशे अंशांच्या आसपास ताप. पाणी पाजल्यावर पात्याचा जादा कडकपणा साधारण दोनशे अंशांवर तापवून उतरवलेला असतो. ताप त्याच्या वर गेल्यामुळे तेवढा भाग मऊ झालेला असतो. निळं पोलाद घासून संपेपर्यंत तिथे धार टिकत नाही.

वापरून झाला की कोमट पाण्यानं धुऊन लगेच पुसायचा. बर्चच्या सालीची मूठ पाण्यात भिजत ठेवायची नाही. आणि सुरा महिनोन्‌महिने चामड्याच्या म्यानात ठेवायचा नाही. चामडं ओल धरतं, कमावताना वापरलेली द्रव्यंही त्यात असतात. पितळ हिरवं पडतं आणि पात्यावर डाग येतात. पात्याला तेलाचा हलका हात फिरवून सुरा बाहेर ठेवावा, म्यान शेजारी.