चौथी-ब ला धर्म शिकवताना घ्यायची काळजी

बाई, अभिनंदन! वेळापत्रक लागलं आणि शुक्रवारचा शेवटचा तास तुमच्या गळ्यात पडला. गणिताच्या बाईंचे गुडघे दुखतात, पीटीच्या सरांना मतदार यादीचं काम आहे, तेव्हा ‘सर्वधर्म परिचय’ तुम्हीच घ्यायचा. घाबरू नका. मुंबईतल्या प्राथमिक शाळेत धर्म शिकवायला फारसं काही यावं लागत नाही. उलट थोडंफार येत असेल तर तेच लपवावं लागतं.

पहिली खबरदारी राज्यघटनेपासून. स्टाफरूममध्ये कुणी २८वं कलम काढलंच तर लगेच चहा मागवा. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धार्मिक शिक्षण द्यायचं नाही, असं ते म्हणतं. म्हणजे महापालिकेची शाळा बाद. शाळा नुसती मान्यताप्राप्त किंवा अनुदानित असेल तर देता येतं, पण पालकांच्या संमतीशिवाय मुलाला त्यात बसवता येत नाही. आपल्याकडे सहलीला संमतीपत्र लागतं, डोळे तपासायला लागतं, जंताच्या गोळीलाही लागतं. आषाढीच्या दिंडीला आजवर कुणी मागितलंय का? तर त्याला धार्मिक म्हणायचंच नाही, संस्कार म्हणायचं. कॉन्व्हेंटवाल्यांनी तर हा प्रश्न कधीच सोडवलाय. घंटा झाली की कॅथलिक मुलं कॅटेकिझमला, म्हणजे त्यांच्या धर्माच्या तासाला, जातात आणि बाकीची मोरल सायन्सला बसतात. एका खोलीत देव, दुसऱ्या खोलीत स्वच्छ हातरुमाल.

आणखी एक. धर्मांविषयी माहिती देणं वेगळं आणि धर्मोपदेश करणं वेगळं, माहितीला घटनेची आडकाठी नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ सालीच सांगून ठेवलंय. हे मात्र कुणाजवळ बोलू नका. मनाई नाही हे एकदा कळलं की खरोखर शिकवावं लागेल.

त्यापेक्षा कार्यक्रम बसवा. मुलं चारच घ्या. ड्रेपरी दादरला भाड्याने मिळते: एक काळी दाढी आणि फेटा, एक जाळीची टोपी, एक धोतर-उपरणं आणि फादरसाठी पांढरा झगा (गॅदरिंगला परीने घातलेला चालतो, फक्त चमकी झटकून घ्या). चौघांनी हात धरायचे, पालकांनी मोबाईल वर करायचे. टोपी कुणाला द्यायची हा खरा पेच. वर्गातला एक मुलगा शुक्रवारी शाळा सुटल्यावर तीच घालून नमाजाला जातो. त्याला दिली तर बरं दिसत नाही, नाही दिली तरी बरं दिसत नाही. जोश्यांच्या मुलाला द्या आणि याला झाड करा.

दाढी मात्र हवीच. २०११च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात बौद्ध ६५ लाखांवर आणि शीख जेमतेम सव्वादोन लाख, तरी दरवर्षी स्टेजवर सरदारजी येतो आणि बौद्ध पोरगं मागे कोरसमध्ये उभं असतं. शाळा दादरला असली, ६ डिसेंबरला तुम्ही स्वतः चैत्यभूमीच्या गर्दीतून वाट काढत घरी गेला असलात, तरी हेच. बौद्धांना ड्रेपरी काय द्यायची ते सुचत नाही, एवढंच कारण. जैन, पारशी आणि ज्यूंना स्टेज पुरत नाही.

आता तासाचं. धोका मुलांकडून असतो. वरळी कोळीवाड्यातली एक पोरगी वर्गात असतेच. डब्यात मांस-मासे आणू नयेत ही सूचना डायरीत चिकटवून गेलेली असते, आणि ही उभी राहून विचारते, “बाई, आमच्या एकवीरा आईला कोंबडा चालतो, मग माझ्या डब्यात बोंबील का नाही चालत?”

बाई, इथे पदर सावरा, खडू उचला, वेळ काढा. हा नियम देवाने केलेला नाही, पालक-शिक्षक सभेत वडापाव यायच्या आधी दहा मिनिटांत झाला, हे चुकूनही तोंडून जाऊ देऊ नका. कारण तोवर पलीकडच्या बाकावरून आवाज येतो, “आमच्यात बटाटापण नाही चालत.” तिसरा म्हणतो, “रोज्यात तर पाणीपण नाही.” “थुंकी गिळली तर?” “ती चालते.” “कोण म्हणालं?” “अब्बा.” मग बटाटा का नाही यावर कुणीतरी जमिनीखालच्या जिवांचं सांगू लागतं आणि एरवी कधीच न बोलणारी मुलगी म्हणते, “आमच्याकडे देवच नाहीये, पण वंदना असते.” सगळा वर्ग तिच्याकडे वळतो. शेजारच्या वर्गाच्या बाई डोकावून जातात.

तास हातातून गेला म्हणून समजा. उपाय एकच. फळ्याकडे वळा आणि सांगा, “लिहा. सर्व धर्मांची शिकवण एकच आहे.” मुलं लिहायला लागतात आणि ताबडतोब गप्प होतात. या वाक्याचा गुण अनुभवाचा आहे, कोणत्याही वर्गावर चालतं.

सहलही सांभाळून काढा. माहीमला बुधवारी नको. चर्चमध्ये नोव्हेनाच्या प्रार्थनेला मेणबत्त्या घेऊन उभ्या असलेल्यांत कपाळावर टिकली असलेल्या बायका दिसतात. तिथून जवळच मखदूम शाहबाबांचा दर्गा, त्याच्या उरुसात पहिला मान मुंबई पोलिसांचा. पोलिसांचा धर्म कोणता, असं कुणी विचारलं तर काय सांगाल? मस्जिद बंदर तर नकोच नको. सॅम्युअल स्ट्रीटवर १७९६ साली स्थापन झालेलं बेने इस्राएली ज्यूंचं सिनेगॉग, म्हणजे प्रार्थनास्थळ, आहे आणि स्टेशनचं नाव त्याच मशिदीवरून पडलं असं सांगतात. म्हणजे मशीद ज्यूंची, ज्यू मराठी बोलणारे, कोकणात पूर्वी तेलाचा घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवत म्हणून गावाने ‘शनवार तेली’ म्हटलेले. नऊ वर्षांच्या डोक्यात एवढं एकदम शिरलं तर पोर जोड्या लावताना अडखळतं. मॉलमधल्या गेम झोनला न्या, तिथे एसी पण आहे.

परीक्षेत जोड्याच द्या: मंदिर, मशीद, चर्च, गुरुद्वारा. सगळ्यांना पैकीच्या पैकी मिळतात आणि अहवालात ‘उद्दिष्ट साध्य’ लिहून मोकळं होता येतं. विहार घालायचा मोह टाळा. पाचवी जोडी आली की पेपर मागच्या पानावर जातो, आणि जादा झेरॉक्सचे पैसे ऑफिस देत नाही.