खुलासा: जुन्या शेवरोलेटला बिनडिटर्जंट ऑईलच लागतं का?

‘१९५० च्या शेवरोलेट ३१०० पिकअपमध्ये डिटर्जंट ऑईल घातलं की इंजिन बसतं, कारण तिला फिल्टरच नाही’ हा मेसेज फिरतोय. मीही पूर्वी तसंच लिहिलं होतं, चूक झाली. (डिटर्जंट ऑईल म्हणजे इंजिन स्वच्छ ठेवणारी रसायनं मिसळलेलं इंजिन ऑईल.)

या पिकअपच्या २१६ घन इंची इंजिनाला ऑईल फिल्टर ऐच्छिक होता, तोही बायपास, म्हणजे थोडंच ऑईल गाळणारा. एवढं खरं. पण डिटर्जंटमुळे काजळी ऑईलमध्येच तरंगत राहते आणि ऑईल बदलताना निघून जाते. उलट बिनडिटर्जंट ‘एसए’ दर्जाचं ऑईल १९३० नंतरच्या बहुतेक पेट्रोल इंजिनांना योग्य नाही, हे एपीआयच्या (ऑईलचे दर्जे ठरवणारी अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूट) तक्त्यातच आहे.

वर्षानुवर्षं गाळ साचला असेल, तर मात्र डिटर्जंट ऑईल घालण्याआधी ऑईल पॅन (इंजिनाखालचं ऑईलचं भांडं) उतरवून धुवा.

जुना मेसेज कृपया पुढे पाठवू नका.