‘ऑनलाइन ग्रंथालयं म्हणजे चोरीचा माल’ : फिरत्या मजकुराला मुद्देसूद उत्तर

वऱ्हाडातल्या इतिहासप्रेमींच्या व्हॉट्सअॅप ग्रुपांवर सध्या एक मजकूर जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं : इतिहासाची जुनी पुस्तकं फुकट देणारी ऑनलाइन ग्रंथालयं अमेरिकेच्या कोर्टाने बंद पाडली, उरलीसुरली हॅक झाली. तिथला सगळा माल चोरीचा आहे. कोणीही येतो आणि मजकूर बदलून जातो. विदर्भाचं तर त्यात काहीच नाही. आता एआय आहे, मग ही उठाठेव कशाला? आमच्या तालुक्यातल्या काही शिक्षकांनी तो जसाच्या तसा मुलांच्या ग्रुपवर टाकला, म्हणून उत्तर देणं भाग आहे. मी स्वतः मराठी विकिस्रोतावर, म्हणजे स्वयंसेवकांनी चालवलेल्या एका फुकट ऑनलाइन ग्रंथालयावर, जुनी पुस्तकं तपासायचं काम करतो, हे आधीच सांगून टाकतो.

कोर्टाची गोष्ट अर्धी खरी आहे. इंटरनेट आर्काइव्ह हे ऑनलाइन ग्रंथालय चालवणाऱ्या ना-नफा संस्थेवर चार बड्या प्रकाशकांनी २०२० मध्ये दावा ठोकला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये अपिलातही संस्था हरली. पण वाद होता तो कॉपीराइट चालू असलेली पुस्तकं स्कॅन करून वाचायला उसनी देण्याचा. अशी पाच लाखांहून जास्त पुस्तकं त्या योजनेतून काढावी लागली. कॉपीराइट संपलेल्या जुन्या पुस्तकांना त्या निकालाने हात लावलेला नाही. पुढच्याच महिन्यात सायबर हल्ला झाला, सुमारे ३ कोटी १० लाख खात्यांची माहिती बाहेर गेली, हेही खरं. साइट काही दिवस बंद होती आणि मग टप्प्याटप्प्याने परत सुरू झाली. पुस्तकं शाबूत होती. ‘बंद पाडली’ हे लिहिणाऱ्याने पदरचं घातलं आहे.

चोरीचं म्हणाल, तर १९५७ चा आपला कॉपीराइट कायदा स्पष्ट आहे. लेखक वारला त्याच्या पुढच्या वर्षापासून ६० वर्षं हक्क राहतो, मग ते पुस्तक सगळ्यांचं. (आधी ही मुदत ५० वर्षांची होती. रवींद्रनाथांच्या साहित्यावरचा हक्क संपत आला, तेव्हा ती वाढवली गेली.) इतिहासाचार्य राजवाडे १९२६ मध्ये गेले. ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड १८९८ चा. तो ऑनलाइन ठेवणं चोरी कशी ठरेल? उलट, विदर्भातल्या प्राचीन वाकाटक राजघराण्यावर आयुष्यभर काम केलेले आपले वा. वि. मिराशी १९८५ मध्ये गेले, म्हणजे त्यांच्या ग्रंथांवरचा हक्क २०४५ अखेरपर्यंत आहे. असा ग्रंथ कोणी विकिस्रोतावर चढवला, तर लक्षात येताच तो काढला जातो. हे नियम स्वयंसेवक पाळतात, एकमेकांना पाळायला लावतात. चोरीचा आरोप त्यांच्यावर करणं मला फार अन्यायाचं वाटतं.

‘कोणीही मजकूर बदलतो’ या मुद्द्यावर जरा थांबतो, कारण शिक्षक मंडळींना तो सगळ्यात जास्त पटलेला दिसतो. विकिस्रोतावर पान उघडलं की एका बाजूला मूळ छापील पानाचा फोटो असतो आणि दुसऱ्या बाजूला टाइप केलेला मजकूर. यंत्राने वाचलेला देवनागरी मजकूर चुकांनी भरलेला असतो : ‘ध’चा ‘घ’, ‘भ’चा ‘म’. सगळ्यात घातक चूक आकड्यांची. जुन्या खिळ्यांच्या छपाईत १ आणि ९ इतके सारखे दिसतात की १८९३ चं १८१३ होतं आणि माणसाच्या चरित्रातली ८० वर्षं इकडची तिकडे जातात. म्हणून एक जण ओळ न् ओळ फोटोशी ताडून पाहतो, तेव्हा पानाची खूण लालची (न तपासलेलं) पिवळी (एकदा तपासलेलं) होते. मग दुसऱ्याने ते नव्याने तपासायचं, तेव्हा हिरवं. स्वतः पिवळं केलेलं पान स्वतःच हिरवं करायची सोय नाही. कोणी खोडसाळपणा केलाच, तर कोणत्या खात्यावरून, कधी, कोणता शब्द बदलला याची नोंद राहते आणि जुना मजकूर परत आणता येतो. ज्या मजकुराला मी उत्तर देतोय, त्याखाली लिहिणाऱ्याचं नावसुद्धा नाही.

एआयचं थोडक्यात सांगतो. तो उत्तर देतो, पण ते कोणत्या पुस्तकाच्या कोणत्या पानावरून आलं, हे बघायला शेवटी पानच लागतं.

आणि आता विदर्भ. ‘आपल्या गावचं काय हाय त्याच्यात?’ असं मला पारावर पुष्कळांनी विचारलंय. आहे ना! लायल या इंग्रज अधिकाऱ्याने संपादित केलेलं १८७० चं वऱ्हाडचं गॅझेटियर, म्हणजे प्रदेशाची सविस्तर माहिती देणारा सरकारी ग्रंथ, आहे. यवतमाळ १९०८, चांदा (आजचं चंद्रपूर) १९०९, अमरावती १९११ अशी जिल्हा गॅझेटियरं स्कॅन होऊन पडली आहेत. पिकं, आठवडी बाजार, दुष्काळ, जमीनमहसूल आणि शेवटी महत्त्वाच्या गावांच्या वर्णानुक्रमे नोंदी. सिरोंच्याच्या किंवा धारणीच्या मुलाला ही पुस्तकं बघायला नागपूर-अमरावती गाठावं लागायचं, आज ती मोबाइलवर उघडतात.

सापडत नाहीत, कारण आपण आजच्या नावाने शोधतो. १९०५ पर्यंत वऱ्हाडात सहा जिल्हे होते. वाशिम तेव्हा बासिम, अचलपूर एलिचपूर, यवतमाळचा जिल्हा वून. २९ नोव्हेंबर १८०३ ची आडगावची लढाई इंग्रजी पुस्तकांत ‘अर्गॉम’ म्हणून येते. जुनं स्पेलिंग टाका, मग बघा किती निघतं. वाचताना मात्र भान ठेवा : ही पुस्तकं साहेबांनी कारभारासाठी लिहिली, त्यात सारा किती वसूल झाला ते भरपूर आहे आणि तो भरणाऱ्याचं म्हणणं जवळपास नाही.

गावपातळीवरचे कागद तिथे मिळत नाहीत, एवढं त्या मजकुराचं मी मान्य करतो. पणजोबांची नोंद शोधायची तर कोतवाल बुक, मिसल, अधिकार अभिलेख अशा गावच्या जुन्या सरकारी दप्तरासाठी तहसील किंवा भूमी अभिलेख कार्यालयाकडेच वळावं लागेल. पण ते कागद आमच्याकडे आहेत, असं या ग्रंथालयांनी कधी म्हटलेलंच नाही.